घरच्या ग्रुपवर: तळोज्याची ऑफर होल्डवर

मी: सगळ्यांना एक सांगायचंय. तळोज्याच्या कंपनीतून काल संध्याकाळी फोन आला. माझं जॉइनिंग पुढे ढकललंय, किती ते सांगत नाहीत. "वरून अप्रूव्हल थांबलंय, कळवतो," एवढंच. ऑफर मी गेल्या महिन्यात सही करून पाठवलीय, लोट्याच्या लॅबमध्ये राजीनामा दिलाय, नोटिशीचे २३ दिवस उरलेत. काही सुचत नाहीये.

आत्या (चिपळूण): अरे देवा. जेवलास का?

मी: हो आत्या.

आई: कसला जेवला. मासेमारी बंद आहे म्हणून सुका बांगडा भाजला होता, आवडतो त्याला. भाकरीचा तुकडा मोडून ठेवलाय तसाच. सकाळपासून पडवीच्या टोकाला उभा आहे, तिथेच रेंज येते. पावसाची झड अंगावर घेतोय पण हलत नाही.

ताई (पनवेल): कळंबोलीच्या खोलीचं डिपॉझिट दिलंस?

मी: नाही, शनिवारी देणार होतो. ५० हजार.

ताई (पनवेल): अजिबात देऊ नकोस. मालकाशी मी बोलते.

मोठे काका: बाळा, वरच्या बागेची गोष्ट तुला माहीत नसेल, तू लहान होतास. मोहोराच्या वेळी एका व्यापाऱ्याने ती बाग कराराने घेतली. विसार दिला, बाकीचे पैसे आंबा उतरवताना देतो म्हणाला. जानेवारीत अवकाळी पाऊस पडला, मोहोर काळा पडला आणि हा फोन उचलेना. मी दीड महिना वाट बघत बसलो. दुसरं गिऱ्हाईक दारात आलं, त्याला "बाग दिलीय" म्हणून परत पाठवलं. फवारणी त्याने करायची ठरली होती, म्हणून मीही केली नाही. पावसाने नेलं त्याहून जास्त माझ्या वाट बघण्याने गेलं. कागद एकही नव्हता. म्हणून सांगतो, आजच मेल कर. तारीख विचार आणि उत्तरही मेलवरच माग.

वकीलवहिनी: काकांचं बरोबर आहे. आधी ऑफर लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाच. मेडिकल, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अशा अटी आहेत का, जॉइनिंगआधी ऑफर रद्द करायचा हक्क त्यांनी ठेवलाय का, ते बघ. तू स्वीकार कळवलास म्हणजे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, त्या अटींसकट, करार झाला. मोडला तर कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते. पण "याला कामावर घ्याच" असा हुकूम कोर्ट सहसा देत नाही. आणि भरपाईच्या दाव्यावर घर चालत नाही. म्हणून तुझं खरं काम लोट्याला आहे. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र मिळालंय?

मी: नाही. साहेब तोंडी "ठीक आहे" म्हणाले. माझ्या जागेवर अजून कोणी घेतलेलं नाही.

वकीलवहिनी: मग वेळ आहे. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात असंच एक प्रकरण गेलं होतं. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी पुढची तारीख घालून राजीनामा दिला आणि ती तारीख यायच्या आत मागे घेतला. कोर्टाने ते मान्य केलं. आता ते न्यायाधीशाचं पद, खासगी कारखान्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. तुझं नेमणूकपत्र काय म्हणतं ते बघावं लागेल. त्याचा फोटो मला पाठव.

मी: पण उद्या राजीनामा मागे घेतला आणि मंगळवारी तळोज्याचं पत्र आलं तर? परत कोणत्या तोंडाने साहेबांकडे जाऊ?

ताई (पनवेल): मागे घेऊ नकोस ना. शेवटचा दिवस महिनाभर पुढे मागून घे. माणूस मिळालेला नाही, त्यांनाही बरंच आहे. आणि खरं कारण सांग. ते साहेब काही वाईट नाहीत.

मोठे काका: हे पटलं. आणि दुसरीकडे अर्ज टाकायचे थांबवू नकोस.

मी: आई, तू वाडीत पेढे वाटलेस. त्याचंच जास्त वाटतंय मला.

आई: पेढे तू पास झालास म्हणून वाटले. तू इंटरव्ह्यूत पास झालास ते खरंच आहे ना? कोणी विचारलं तर मी सांगेन काय ते.

मी: मेल लिहिलाय, बघा. "आपले ऑफर लेटर मी स्वीकारले असून त्यावर विसंबून सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. आपल्या कालच्या फोननुसार रुजू होण्याची तारीख पुढे गेली आहे. नवी तारीख, तसेच ऑफर कायम आहे किंवा नाही, हे शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे."

वकीलवहिनी: छान. "त्यावर विसंबून" हे शब्द काढू नकोस, तेच महत्त्वाचे. "कृपया" घाल. ऑफर लेटरची प्रत जोड आणि मेल स्वतःच्या खासगी आयडीवरून पाठव, लोट्याच्या नको.

आत्या (चिपळूण): वहिनी, आजीला सांगितलंत का?

आई: ती केव्हाच देवळात गेली, गाऱ्हाणं घालायला. छत्रीही नेली नाही.

मी: मेल पाठवला. उद्या पहिल्या बसने लोट्याला जातो, साहेब नऊला येतात.

ताई (पनवेल): मालकाशी बोलले. पुढच्या रविवारपर्यंत खोली ठेवतो म्हणाला, पैसे न घेता.