अनुभव धागा: शिबेनिक, क्रका आणि पाच कुनांचं अस्वल

माळ्यावरची
आज माळा आवरताना जुन्या पर्समधून क्रोएशियाचं पाच कुनांचं जुनं नाणं टपकलं. वर अस्वल. झालं, पोळ्या राहिल्या आणि मी थेट शिबेनिकच्या पायऱ्यांवर! जून २०१९. गाव कसलं, नुसता दगडी जिना. चाकांची बॅग शेवटी नवऱ्याच्या डोक्यावर. सेंट जेम्सचं कॅथीड्रल १४३१ ते १५३५ एवढी वर्षं बांधत होते. वीट नाही, लाकूड नाही, छप्परसुद्धा खाचांत बसवलेल्या दगडी फळ्यांचं. बाहेरच्या भिंतीवर सत्तरेक दगडी मुंडकी. त्यातला एक मिशाळ म्हातारा हुबेहूब आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, मेन्टेनन्स थकल्यावर बघतात तसा बघत होता. दुसऱ्या दिवशी जवळच्या स्क्रादिन गावाहून बोटीने क्रका नॅशनल पार्कला, धबधब्याखाली मनसोक्त डुंबलो. तुमचंही लिहा गं/रे.

कढीपत्ता
डुंबलात?? जळले मी. २०२१ पासून बंदी आहे तिथे. आम्ही २०२३ ला आतून पोहायचे कपडे घालून गेलो आणि फळ्यांच्या पुलावरून घामाघूम होऊन परत आलो. पण पटलं हो. धबधब्याचा तो बांध साध्या खडकाचा नाही, पाण्यातला चुना शेवाळावर बसत बसत तयार झालाय, पाय पडला की मोडणार. मग दुःखात वाळलेले अंजीर घेतले.

दापोलीकर
अंजीर पुरंदरच्यासारखे का?

कढीपत्ता
छे, छोटे आणि चिवट. गोड मात्र फार.

दापोलीकर
बीचचं कुणी बोलत नाही. वाळूच नाही हो, सगळे गोटे! मी कोकणातला माणूस, अनवाणी उतरलो आणि काळ्या काटेरी गोळ्यावर (सी अर्चिन) पाय. घरमालकीणबाईंनी ऑलिव्हचं तेल चोळून पिनेने सात काटे काढले. मी "आई गं" म्हणालो की त्याही "आई गं" म्हणायच्या.

चहा कमी साखर
शाकाहारी काय खाता येतं? सासूबाई बरोबर आहेत.

माळ्यावरची
ब्लिटवा माग. पालकाच्या जवळची पालेभाजी, बटाटा आणि लसूण घालून. मासळीच्या ताटात येते, मासा नको म्हणून आधीच सांग.

वायरमन निवृत्त
धबधबा सगळे बघतात, शेजारच्या जुन्या वीजकेंद्राचे अवशेष कोणी बघत नाही. २८ ऑगस्ट १८९५ ला तिथून शिबेनिकच्या रस्त्यांवरचे दिवे लागले, तेही एसी करंटवर! मी हात जोडले, बायको म्हणाली इथेही ड्युटी. त्या तारा अकरा किलोमी

वायरमन निवृत्त
लाईट गेली होती आमच्याकडे. वायफाय बंद. असो.

चहा कमी साखर
😂😂 काका!

कढीपत्ता
@माळ्यावरची, २०२३ पासून युरो आहे तिकडे. नाणी बदलून द्यायची मुदत २०२५ अखेर संपली, नोटा असत्या तर झाग्रेबच्या राष्ट्रीय बँकेने घेतल्या असत्या.

माळ्यावरची
राहू दे. कॅरमची एक काळी सोंगटी हरवली होती, लेकीने तिच्या जागी अस्वल घेतलंय. जरा जड जातं म्हणते.