मदत हवी आहे : कानाझावा आणि क्योतो यांच्यामधील फुकुईमध्ये मुक्काम

नमस्कार. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यास, आम्ही सहकुटुंब जपानला जात आहोत. बरोबर माझे आईवडील, यजमान आणि डायनासोरखेरीज दुसरा विषय न सुचणारा आमचा मुलगा असेल. तोक्यो, कानाझावा आणि क्योतो ही ठिकाणे नक्की झाली आहेत. प्रश्न आहे तो कानाझावा आणि क्योतो यांच्यामध्ये येणाऱ्या फुकुई प्रांताचा. सहल आखून देणाऱ्यांनी फुकुईला जेमतेम एक दुपार दिली आहे. मला मात्र तेथे तीन-चार रात्री राहायचे आहे, आणि त्यासाठी क्योतोतील दिवस कमी करावे लागले तरी माझी तयारी आहे.

या ओढीमागचे कारण आधी सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. मी जुन्या पोथ्या आणि हस्तलिखिते यांच्या जतनाचे काम करते. कसरीने खाल्लेले किंवा घडीवर फाटलेले पान सांधताना आम्ही कोझो या झाडाच्या सालीपासून केलेला पातळ जपानी कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवतो. त्याचे तंतू इतके लांब असतात की कागद कापण्याऐवजी ओल्या रेषेवर फाडून घेतात, आणि फाटलेल्या कडेचे तंतू मूळ पानात मिसळून जातात. फुकुईतील एचिझेन हे अशा हातकागदाचे जपानमधील सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एक आहे. कागद करण्याची विद्या शिकवणाऱ्या देवीचे ओकामोतो-ओताकी हे देऊळ तेथे आहे आणि कागद करणारी घरे आजही त्याच्या परिसरात आहेत. लगद्याच्या पाण्यात तोरोरो-आओई नावाच्या, आपल्या भेंडीच्याच कुळातील झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात, त्यामुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात. हा रस थंडीत अधिक चांगला काम देतो, म्हणून हिवाळा हा कागदाचा खरा हंगाम. पर्यटकांना पोस्टकार्डाएवढा कागद स्वतः करून पाहता येतो, हे मला माहीत आहे. मला हवे आहे ते त्यापुढचे, म्हणजे कारागीर मोठी चाळणी हलवत असताना तासभर शांतपणे पाहता येईल असे एखादे ठिकाण. नोव्हेंबरमध्ये हे शक्य आहे का, आणि त्यासाठी आगाऊ पत्र जपानी भाषेत पाठवावे का?

मुलासाठी कात्सुयामा येथील डायनासोर संग्रहालय आहे. फुकुईराप्टर, फुकुईसॉरस आणि फुकुईटायटन हे डायनासोर याच प्रांतातील खडकांत सापडले आणि त्यांची नावेही त्यावरूनच पडली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यालाही डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत. ते त्याला ठाऊक असल्यामुळे दोन्हींची तुलना करण्याचा त्याचा बेत पक्का आहे. फुकुई स्थानकावरून एचिझेन रेल्वेने साधारण तासाभरात कात्सुयामाला जाता येते आणि पुढे बस मिळते. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर एइहेइजीचा मठ पाहावा, असे पुष्कळ ठिकाणी सुचवलेले आढळते. मला ते पटत नाही. बौद्ध आचार्य दोगेन यांनी 1244 साली स्थापन केलेल्या आणि आजही तरुण भिक्षू साधनेसाठी राहतात अशा सोतो झेन पंथाच्या मठात घाईघाईने फेरी मारून बाहेर पडणे मला बरोबर वाटत नाही. परंतु तेथील इमारती डोंगराच्या उतारावर आहेत आणि त्यांना जोडणारे छताखालचे जिने बरेच आहेत. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना किती भाग सोडून द्यावा लागेल, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या व्यक्तीने सांगितले तर फार मदत होईल.

सर्वांत मोठी काळजी जेवणाची आहे. आम्ही सगळे शाकाहारी आहोत आणि आई कांदा-लसूणही टाळते. फुकुईतील प्रसिद्ध ओरोशी सोबा, म्हणजे मुळ्याच्या किसाबरोबरच्या गार शेवया, वर्णनावरून आमच्यासाठी अगदी योग्य वाटतात, पण त्यांच्या रसात सहसा माशाचा अर्क असतो आणि वरही सुक्या माशाचे पापुद्रे पसरलेले असतात. त्यात 6 नोव्हेंबरला एचिझेन खेकड्यांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे आवारा येथील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या वसतिगृहांत त्या दिवसांत रात्रीचे जेवण खेकड्यांभोवतीच रचलेले असते आणि दरही चढलेले असतात. एइहेइजीच्या परिसरात मठातील पद्धतीचे शोजिन जेवण मिळते, ज्यात मासे-मांस नसते आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. ते एक वेळचे झाले. बाकीच्या दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हाच मार्ग आहे, की फुकुई शहरात एखादे भरवशाचे भोजनालय आहे? आई भाताबरोबर मेतकूट आणि लोणचे यांवर आनंदाने राहील, तरी तिला एकदा तरी तेथले जेवण मनाजोगे मिळावे, अशी माझी इच्छा आहे.

आता प्रवासाविषयी. 16 मार्च 2024 पासून होकुरिकू शिनकानसेन ही अतिवेगवान गाडी त्सुरुगापर्यंत धावू लागल्यामुळे कानाझावाहून फुकुईला अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. मात्र पूर्वी क्योतोपर्यंत थेट जाणारी थंडरबर्ड गाडी आता त्सुरुगालाच धरावी लागते. तेथे शिनकानसेन तिसऱ्या मजल्यावर आणि थंडरबर्ड पहिल्या मजल्यावर (जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात) असते, आणि मधला वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. बॅगा आणि वयस्कर माणसे घेऊन ही बदली सहज होते का, की मुद्दाम एक गाडी सोडून पुढची घ्यावी? संपूर्ण देशासाठीचा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर 2023 मध्ये 50,000 येनवर गेल्यापासून आमच्या मार्गाला तो परवडत नाही. त्यामुळे तोक्यो ते ओसाका असा होकुरिकूमार्गे चालणारा आर्च पास घ्यावा, असा विचार आहे. एचिझेन-ताकेफू हे शिनकानसेनचे स्थानक आणि ताकेफू हे जुन्या मार्गावरचे स्थानक ही दोन्ही वेगवेगळी आहेत. कागदाच्या गावाला जाण्यासाठी यांपैकी कोठे उतरावे, हेही कळवावे.

फुकुईत मोटार भाड्याने घेण्याचाही विचार चालू आहे. यजमानांकडे आंतरराष्ट्रीय परवाना आहे आणि जपानमध्येही गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. मोटार असल्यास 1573 साली सेनानी ओदा नोबुनागाने जाळून टाकलेले आसाकुरा या सरदार घराण्याचे राजधानीचे गाव इचिजोदानी आणि तेथून पुढे डोंगरांच्या कुशीतील ओनो हे किल्ल्याचे गाव एका दिवसात निवांत पाहता येईल. रेल्वेने हे करायचे तर दिवसभरात गाड्या फारच थोड्या आहेत. ओनोचा किल्ला पहाटेच्या धुक्यावर तरंगताना दिसतो, त्यासाठी एक रात्र ओनोलाच काढावी, असा माझा आग्रह आहे. यजमानांचे म्हणणे असे की सर्व मुक्काम फुकुई स्थानकाजवळ एकाच ठिकाणी ठेवावा, म्हणजे आईवडिलांना सामानाची आवराआवर करावी लागणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्यांनी त्या भागात लहान मुले किंवा वयस्कर मंडळी घेऊन प्रवास केला आहे, त्यांनी यावर मोकळेपणाने मत द्यावे. वसतिगृहांचे आरक्षण लवकरच करावे लागणार असल्याने मुक्कामाच्या गावाविषयीचे उत्तर आधी मिळाले तर बाकीचे त्याभोवती बसवता येईल.