कोळसून, मुंगूस आणि लढाईतली पाळी : सोबती प्राण्यांचे नियम कसे लावावेत?

कपाशीवाला
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आम्ही काही मित्र सोयाबीन निघाल्यावरच्या मोकळ्या संध्याकाळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती २०१४च्या नियमांनुसार खेळतो, डीएमचे (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराचे) काम माझ्याकडे आहे. मोहीम टिपेश्वरसारख्या सागवानी जंगलात घडते, म्हणून प्राणीही इकडचेच घेतले आहेत. रेंजरचा (रानातल्या शिकारी योद्ध्याचा) कोळसून, म्हणजे रानकुत्रा, पुस्तकातल्या लांडग्याच्या आकड्यांवर चालतो आणि विझर्डचा (जादूगाराचा) फॅमिलियर, म्हणजे मंत्राने बोलावलेला सोबती, असलेल्या मुंगसाला वीझल या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याचे आकडे दिले आहेत. (फॅमिलियर म्हणून घुबड सर्वांत उपयोगी पडते हे ठाऊक आहे, पण आमच्यातल्या दोघांना खेळातसुद्धा घुबड नको आहे.)

आता अडचण सांगतो. मुंगूस मागे उभ्या असलेल्या विझर्डच्या खांद्यावर बसून दर फेरीत ‘हेल्प’ (मदत) करते, त्यामुळे पुढे लढणाऱ्या फायटरला (योद्ध्याला) फुकटात अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळतो. उलट कोळसुनाने चावा घ्यावा यासाठी रेंजरला स्वतःची अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्चावी लागते, आणि तो म्हणतो की यापेक्षा एकट्याने धनुष्य चालवलेले बरे. शिवाय यांपैकी एखादा प्राणी मेला, तर खेळाडूला त्याची किती झळ बसावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धानपट्टा
कपाशीवाला भाऊ, मुंगसाचा प्रश्न मूळ नियमातच सुटतो. हल्ल्यासाठी ‘हेल्प’ करायची असेल, तर ज्या शत्रूवर हल्ला व्हायचा आहे तो मदत करणाऱ्यापासून ५ फुटांच्या आत असावा लागतो. विझर्ड मागे असताना त्याच्या खांद्यावरून ही मदत करताच येत नाही. मुंगसाला खाली उतरून शत्रूच्या पायाशी जावे लागेल. वीझलच्या आकड्यांत त्याचे आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) १३ आणि हिट पॉइंट (जीवाचे गुण) अवघा १ आहे. मदत करून ते मागे फिरले की शत्रूला त्याच्यावर रिअ‍ॅक्शनने (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणाऱ्या झटपट कृतीने) वार करण्याची संधी मिळते. घुबडाला ती भीती नसते, कारण उडत निघून जाताना त्याच्यावर असा वार करता येत नाही. खेळाडू घुबडासाठी हट्ट धरतात तो यामुळेच. आपल्या मित्रांच्या समजुतीने डीएमचे काम हलके झाले आहे, असेच मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट पाहावी. फॅमिलियर स्वतःचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकतो आणि स्वतःच्या पाळीला हालतो. मुंगसाची पाळी फायटरच्या आधी येते की नंतर, आणि मधल्या वेळेत शत्रू त्याला चिरडतो का, हे प्रामाणिकपणे खेळवले तर तक्रार आपोआप निम्मी होईल.

रानवाट
रेंजरची तक्रार खरी आहे आणि ती फार जुनी आहे. २०१४च्या पुस्तकातला बीस्ट मास्टर, म्हणजे प्राणी सोबत ठेवणारा रेंजर, पुष्कळांना याच कारणाने रुचला नाही. २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुरवणी पुस्तकात पर्यायी नियम आला, त्यात प्राण्याला हुकूम देण्यासाठी बोनस अ‍ॅक्शन (मुख्य कृतीखेरीजची छोटी कृती) पुरते. ‘पाथफाइंडर’ या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) वाट वेगळी आहे : मालकाने आपल्या तीनपैकी एक अ‍ॅक्शन खर्चली की सोबत्याला दोन मिळतात.

मात्र २०२०चा नियम जसाच्या तसा घेतला, तर जमिनीवरच्या सगळ्या प्राण्यांना एकच साचा लागू होतो. कोळसून घ्या नाहीतर अस्वल, आकडे तेच. लांडग्याला सोबत्यांसह लढताना मिळणारा अ‍ॅडव्हान्टेज त्या साच्यात नाही, आणि ज्याची सगळी ताकद टोळीत आहे अशा कोळसुनाकडून नेमके तेच काढून घेणे मला पटत नाही. तिसऱ्या पातळीवर हिशोब मांडून पाहा. जुन्या नियमाने लांडग्याचे हिट पॉइंट १२ होतात आणि रेंजरचा प्रोफिशियन्सी बोनस (पातळीनुसार वाढणारी भर) धरून चाव्याचे सरासरी नुकसान ९ येते. नव्या साच्यात हिट पॉइंट २० आणि सरासरी नुकसान साडेआठ. म्हणून लांडग्याचे जुने आकडे तसेच ठेवून हुकमापुरती बोनस अ‍ॅक्शन द्यावी, असे सुचवतो. हा कोळसून अधिक वेळा चावेल, पण लवकर पडेलही.

मोहफूल
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मृत्यूच्या बाबतीत मात्र दोन्ही प्राण्यांना एकच माप लावू नये, कारण नियमांच्या दृष्टीने ते मुळात वेगळे आहेत. मुंगूस हा प्राण्याचे रूप घेतलेला आत्मा आहे. तो ० हिट पॉइंटवर आला की शरीर मागे न ठेवता नाहीसा होतो आणि तासाभराचा मंत्र पुन्हा म्हटला की परत येतो. त्यासाठी १० सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप आणि वनौषधी जाळाव्या लागतात. कोळसून हा खराखुरा जंगली प्राणी आहे. २०१४च्या नियमाने तो मेला की रेंजरला ८ तास देऊन दुसऱ्या प्राण्याशी नाते जोडावे लागते. २०२०च्या नियमात हे सैल झाले : तासाभराच्या आत एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची एक संधी) खर्चला, तर तोच प्राणी मिनिटभरात उठतो. बोनस अ‍ॅक्शन देणारच असाल, तर ही दुसरी सवलत देऊ नये. नाहीतर खेळाडू त्याला ढालीसारखा पुढे लोटत राहतील.

दंड फार कडकही नसावा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच ३.५ आवृत्तीत (२००३) फॅमिलियर मेला की विझर्डचे अनुभव-गुण कापले जात आणि एक वर्ष एक दिवस नवा घेता येत नसे. एवढ्या भीतीने फॅमिलियर थैलीतून बाहेरच येईनासा होतो. त्यापेक्षा धूप आणि औषधी फक्त आठवडी बाजाराच्या गावात मिळतील असे ठरवा. मग जंगलाच्या मध्यात मुंगूस गेले, तर बाजाराचा दिवस येईपर्यंत विझर्डला त्याच्यावाचून काढावे लागेल.

कपाशीवाला
तिघांचेही आभार. ५ फुटांचा नियम आणि बाजाराची अट पुढच्या बैठकीपासून लावतो. एक शंका उरते : विझर्डला मुंगसाकरवी स्पर्शाचा मंत्र टाकायचा आहे. त्याच फेरीत मुंगसाने ‘हेल्प’ही केली तर चालेल का?

धानपट्टा
चालेल. ‘हेल्प’ ही मुंगसाची अ‍ॅक्शन आहे आणि मंत्र पोहोचवायला त्याची रिअ‍ॅक्शन लागते, त्यामुळे दोन्ही एका फेरीत बसतात. अट एवढीच की मंत्र टाकताना मुंगूस विझर्डपासून १०० फुटांच्या आत हवे. हल्ल्याचा फासा टाकावा लागला, तर त्यात विझर्डचाच हल्ला-बोनस मिळवावा, मुंगसाचा नव्हे.