आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) ठेवणार म्हणलं की शेल्टरवाले कुत्रं देत नाहीत, हे बरोबर आहे का?

गोदाकाठचा:
माझ्या मावसभावाचं गंगाखेडकडं शेत आहे. रानडुकरांनी औंदा भुईमुगाचा पार सत्यानाश केला, म्हणून त्याला आखाड्यावर कुत्रं पाहिजे होतं. तो जर्मन शेफर्डचं पिल्लू विकत घ्यायला निघाला होता, मीच म्हणलं अरे हजारो रुपये घालून ते केसाळ जनावर मे महिन्यात आपल्या उन्हात कशाला आणतोस, शेल्टरमध्ये गावठी कुत्री पडून आहेत, त्यातलं एक घे. गेलो एका शेल्टरला. फॉर्ममध्ये घर स्वतःचं का भाड्याचं, घरात लहान लेकरं आहेत का, कुत्रं रात्री कुठं झोपणार असे प्रश्न. भावानं खरं ते लिहिलं, आखाड्यावर, सालगड्याच्या खोपीपाशी. तिथंच विषय संपला. "आम्ही फक्त घरात ठेवणाऱ्यांनाच देतो."

आता मला सांगा, आपल्याकडं खेड्यात कुत्रं पलंगावर कधी झोपलंय? ओसरीवर, अंगणात, रानातच असतं ना. तिथं एकेका जाळीत दाटीवाटीनं कुत्री कोंडलेली, त्यापेक्षा पाच एकर मोकळं रान वाईट कसं? हे फॉर्म फ्लॅटवाल्यांचा विचार करून बनवलेत. अटी घाला, पाहणीला या, पण शेतकरी म्हणल्यावर सरसकट नाही म्हणू नका. माणूस मग रस्त्यावरचं पिल्लू उचलतो, ना लस ना नसबंदी, आणि वर्षभरात सहा-सात पिल्लं गावात फिरायलेली असतात.

जाळीमागची ताई:
दादा, मी अशाच एका ठिकाणी सुट्टीच्या दिवशी काम करते म्हणून बोलते, राग मानू नका. आखाड्यावर दिलेली कुत्री परत येताना मी बघितलेत. एक कुत्रं आलं, पिल्लू असताना गळ्यात नायलॉनची दोरी बांधली होती, ते वाढलं, दोरी तेवढीच राहिली, कातडी फाडून आत रुतलेली आणि जखमेत किडे वळवळायलेले. दोरी कापून काढताना ते कुत्रं माझा हात चाटत होतं. मालक वाईट नव्हता हो, तो रोज रानात जायचा, पण जवळ जाऊन हात कुणी फिरवलाच नाही तर कळणार कसं?

आणि दुसरं. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. नवीन गडी येतो, त्याला त्या कुत्र्याचं काय? हरभरा-ज्वारी निघाली की एप्रिल-मे मध्ये रानात चिटपाखरू नसतं, विहीर तळाला गेलेली. तेव्हा ते कुत्रं कुणाच्या भाकरीवर जगतं? "घेऊन जा हो" म्हणून आम्हाला फोन येतात ते याच दिवसात. म्हणून नकार देतो, शेतकऱ्याचा राग म्हणून नाही.

आष्टीवाला:
ताईंचं बरोबर. आमच्याकडं २०२० ला दिवाळीनंतर बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून रानात रात्री कोण थांबायचं ह्यावर घराघरात भांडणं झाली. मोकळं कुत्रं निदान पळतं, साखळीला बांधलेलं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखं.

दुष्काळी:
२०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, लोक हंडे घेऊन रात्र रात्र लायनीत. अशा भागात कुत्र्याच्या दत्तकावर एवढी चर्चा? आमच्या गल्लीत लेकरं शाळेला जाताना टोळीच्या टोळी अंगावर येते. चावलं की इंजेक्शनच्या तारखा सांभाळत दवाखान्याच्या चकरा, मजुरी बुडते ती वेगळीच. आधी ती उचला, मग फॉर्म भरा.

जनावरांचा डॉक्टर, परभणी:
दुष्काळी, तुमचा त्रास खरा आहे. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळं चावल्या चावल्या साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा आणि सगळे डोस पूर्ण करा, चुन्या-मिरचीच्या नादी लागू नका. पण "उचला" म्हणून नेऊन ठेवायचं कुठं? भटक्या कुत्र्यांबद्दलचे २०२३ चे नियम सांगतात नसबंदी करा, लस द्या, जिथून धरलं तिथं सोडा. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये पिसाळलेली आणि अंगावर येणारी कुत्री वगळून हेच धरलं, आणि ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यानं अर्ज करावा, पण ते परत रस्त्यावर येऊ देऊ नये असंही सांगितलं. म्हणजे दत्तक हा तुमच्या गल्लीचाच प्रश्न आहे, एक कुत्रं घरी गेलं की एक गल्लीतून कमी झालं.

गोदाकाठ, तुम्हाला एक सांगतो. सगळे नर मागतात आणि पिल्लूच मागतात, म्हणून माद्या आणि मोठी कुत्री तिथंच म्हातारी होतात. नसबंदी केलेलं कुत्रं भुंकत नाही हा गैरसमज आहे, राखण ते करतंच, उलट माजावरच्या मादीमागं गाव सोडून जात नाही. पिल्लाला पार्वो (रक्ताच्या जुलाबाचा रोग) व्हायची भीती, लसी चुकल्या आणि तो झाला तर दोन-चार दिवसात जातं. दोन-तीन वर्षांची मादी घ्या, तिचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

उंदरांनी बेजार:
मांजराचं पण हेच हो. सोयाबीनची पोती कुरतडायलेत म्हणून मांजर मागितलं तर म्हणले बाहेर सोडणार असाल तर नाही.

जाळीमागची ताई:
पोत्यापाशी उंदराचं औषध ठेवता ना? मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला की तेही जातं. ते बंद करणार असाल तर मी स्वतः तुमच्यासाठी बोलते. आणि नुसत्या दूधभातावर ठेवू नका, त्याला अंडं-मासळी लागते.

गोदाकाठचा:
ताई, दोरीचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण चार जणांनी हाल केले म्हणून सगळं रानच बंद? फ्लॅटवाले बदली झाली की कुत्रं परत आणून सोडत नाहीत का? त्यांना फॉर्म मिळतोच की.

जाळीमागची ताई:
सोडतात, लई सोडतात. मग एवढंच सांगा, उन्हाळ्यात ते कुठं राहणार?

गोदाकाठचा:
बैलं गावातल्या वाड्यावर येतात, त्यांच्यासंगं तेही येईल. हौद भरलेला असतोच.

जाळीमागची ताई:
मग फॉर्मवर आखाडा नको, वाड्याचा पत्ता लिहा. जबाबदार माणूस सालगडी नाही, तुमचा भाऊ. मोठी मादी, साखळी नाही, आणि मे महिन्यात मी बघायला येणार. ह्यावर आमच्या लोकांशी मी भांडते, देतीलच असं नाही.

दुष्काळी:
आणि मोकळं सोडल्यावर शेजाऱ्याची शेळी धरली तर? माझ्या मामाच्या दोन गेल्यात, एका रुपयाची भरपाई कुणी दिली नाही. हे फॉर्मवर आधी लिहा.

गोदाकाठचा:
लिहा. भावाच्या नावावर लिहा, भरून देऊ.