शब्दचर्चा: देहधारण, अवतार आणि ‘शब्द देही झाला’

तळटीप:
देव माणूस झाला, ही ख्रिस्ती श्रद्धा एका शब्दात सांगायची तर मराठीत कोणता शब्द घ्यावा? ‘देहधारण’, ‘अवतार’, ‘मानवीकरण’ असे तिन्ही वाचनात येतात. धर्मशास्त्रावरच्या लेखाच्या भाषांतरासाठी हवा आहे, त्यामुळे नुसता कळेल असा शब्द पुरणार नाही, काटेकोर हवा.

ओनामा:
‘मानवीकरण’ आधी बाजूला ठेवा. निर्जीव वस्तूला माणसाचे गुण चिकटवणं असा त्याचा अर्थ आहे. वारा कुजबुजला, डोंगर रुसला, हे मानवीकरण.

संज्ञा म्हणून ‘देहधारण’ घ्या. मराठी चर्चमध्ये तो रुळलेला आहे. लॅटिन ‘इन्कार्नात्सिओ’मध्ये ‘कारो’ म्हणजे मांस आहे. ग्रीक ‘सार्कोसिस’मध्येही ‘सार्क्स’ म्हणजे मांसच. लिंगाकडे लक्ष असू द्या: ते देहधारण, देहधारणाचा सिद्धांत. पुष्कळदा ‘देहधारणेचा’ असं लिहिलं जातं, पण ‘धारणा’ म्हटलं की मराठी वाचकाला समजूत किंवा मत आठवतं.

पैलतीर:
‘अवतार’ इतक्या सहज टाकू नये. अव + तृ म्हणजे खाली उतरणं, आणि निकेया-कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत (इ. स. 381), ‘स्वर्गातून उतरला’ हे शब्द आहेतच. अर्धी गोष्ट तो शब्द बरोबर सांगतो.

ओनामा:
अर्धी सांगतो हे खरं. उरलेल्या अर्ध्यात तीन ठिकाणी तो वाचकाला दुसरीकडे नेतो.

एक, संख्या. ‘संभवामि युगे युगे’ हा अवतारकल्पनेचा गाभा आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ही घटना एकदाच घडते. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात ‘एकदाच’वरचा भर मुद्दाम आहे.

दोन, शेवट. आपण ‘अवतार संपवला’, ‘अवतारकार्य पूर्ण झालं’ असं म्हणतो, कारण कार्य झालं की रूप सोडायचं असतं. ख्रिस्त मात्र मानवपण सोडत नाही. पुनरुत्थान देहासह आहे, स्वर्गारोहणही देहासह. तो आजही मानव आहे, असं चर्च मानतं. भाषांतरात सर्वात जास्त वेळा निसटतो तो हाच मुद्दा.

तीन, रूप. मत्स्य, कूर्म, वराह हेही अवतारच. इथे मात्र माणूसच होणं अनिवार्य आहे, कारण तारण (उद्धार) माणसाचं व्हायचं आहे. धर्मशास्त्रज्ञ नाझियान्झसचा ग्रेगरी चौथ्या शतकात म्हणाला ते याच अर्थाने: (मानवपणातलं) जे स्वीकारलं गेलं नाही, ते बरं झालं नाही.

कवितेत ‘अवतरला’ हे क्रियापद खुशाल वापरा. सिद्धांताच्या वाक्यात नको.

अन्वय:
मग ‘धारण’ तरी निर्दोष कुठे आहे? वेष धारण करतात, शस्त्र धारण करतात, मौन धारण करतात. धारण केलेलं उतरवता येतं. देव माणसासारखा फक्त दिसला, असं मानणारा जुना पंथ होता, दोसेतवाद. ग्रीक ‘दोकेइन’ म्हणजे भासणं. ‘मानवरूप धारण केले’ असं लिहिलं की वाचक थेट तिकडेच जातो. योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’, म्हणजे ख्रिस्त, देही झाला असं सांगताना ‘एगेनेतो’ म्हणजे ‘झाला’ हे क्रियापद वापरलं आहे.

ओनामा:
‘रूप’ टाळावं, पूर्ण सहमत. ‘धारण’ मात्र टिकतं. ग्रेगरीच्या वाक्यातलं क्रियापद ‘घेणं, स्वीकारणं’ असंच आहे, आणि फिलिप्पैकरांस पत्रातही (2:7) दासाचं स्वरूप ‘घेतलं’ आहे. परंपरेत ‘झाला’ आणि ‘घेतलं’ दोन्ही चालतात. शिवाय मराठीत गर्भधारणही आहे, तिथे धारण म्हणजे पांघरणं नव्हे. एवढंच करा: संज्ञा ‘देहधारण’, आणि पहिल्या उल्लेखाजवळ ‘देव खरोखर मानव झाला’ हे पूर्ण वाक्य.

अन्वय:
वाक्य लिहिताना विभक्ती सांभाळावी लागते. ‘दुधाचं दही झालं’ म्हणजे दूध उरलं नाही. ‘राम राजा झाला’ म्हणजे राम रामच राहिला. म्हणून ‘देव मानव झाला’ बरोबर. ‘देवाचा मानव झाला’ किंवा ‘देवाचे मानवात परिवर्तन झाले’ चूक. ख्रिस्तात देवत्व आणि मानवत्व कसं एकत्र आहे हे सांगताना खाल्केदोनच्या चर्च-परिषदेने (इ. स. 451) चार नकार घातले: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, वियोग न होता. ‘परिवर्तन’ यातल्या दुसऱ्या नकाराच्या थेट आड येतं. ‘रूपांतर’ही नको, डोंगरावर येशूचं रूप पालटलं, त्या प्रसंगाला तो शब्द लागतो.

पैलतीर:
मराठी बायबलमधलं ‘शब्द देही झाला’ (योहान 1:14) कसं वाटतं? ‘शब्द’ पुल्लिंगी असल्यामुळे ‘झाला’ फार नैसर्गिक बसतं.

अन्वय:
वाक्य देखणं आहे, पण ‘देही’ला दोन जुने अर्थ चिकटलेले आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही म्हणजे देहात राहणारा, जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तशी शरीरं बदलणारा. योहानाला म्हणायचंय त्याच्या अगदी उलट. दुसरं म्हणजे ‘याचि देही याचि डोळा’मधलं ‘देही’. ती सप्तमी आहे, देहात. अनुस्वार गेल्यापासून दोन्ही सारखंच दिसतं.

मूळ वाक्यात ‘देही’च्या जागी ‘सार्क्स’ आहे, आणि त्यामागे हिब्रू ‘बासार’ आहे: अख्खा माणूस, दुबळा आणि मर्त्य. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात ‘सर्व मानव गवत आहेत’ म्हटलंय, तिथे मूळ शब्द ‘बासार’च.

ओनामा:
आणि म्हणूनच एकट्या ‘देहा’वर विसंबू नये. लावदिकेयाचा अपोल्लिनारिस नेमकं तेच म्हणाला: देह माणसाचा, पण मानवी बुद्धीच्या जागी लोगोस, म्हणजे योहानाचा ‘शब्द’. कॉन्स्टँटिनोपलच्या 381 च्या परिषदेने ते नाकारलं. मतांगीकारातही दोन शब्द आहेत, ‘सार्कोथेन्ता’ आणि ‘एनान्थ्रोपेसान्ता’, देहधारी झाला आणि मानव झाला. भाषांतरात दोन्ही ठेवा. पुनरुक्ती समजून एक गाळू नका. येशू थकतो, रडतो, ज्ञानाने वाढतो. शेवटचं केवळ देहाचं काम नाही.

तळटीप:
खाल्केदोनच्या परिषदेने ख्रिस्ताच्या देवपणाला आणि माणूसपणाला प्रत्येकी ‘फ्युसिस’ म्हटलंय, त्यासाठी ‘स्वभाव’ लिहिलं तर? ‘ख्रिस्ताचे दोन स्वभाव’ वाचून तो कधी शांत, कधी तापट होता असं वाटतंय.

ओनामा:
‘स्वभाव’ची अडचण तीच. ‘प्रकृती’ घ्यावी तर तब्येत किंवा सांख्यांची प्रकृती आठवते, ‘स्वरूप’ घ्यावं तर पुन्हा रूप. चालू मजकुरात ‘देवत्व’ आणि ‘मानवत्व’ लिहा: एकाच व्यक्तीत पूर्ण देवत्व आणि पूर्ण मानवत्व. परिभाषा अपरिहार्य असेल तिथे ‘स्वभाव’ ठेवून पहिल्या वेळी अर्थ द्या. ‘पूर्ण’ दोन्हीकडे हवंच, नाहीतर वाचक अर्धा देव आणि अर्धा माणूस अशी बेरीज करतो.

कर्ताही तपासा. देहधारी झाला तो पुत्र, म्हणजेच शब्द. ‘देवपित्याने देह धारण केला’ असं छापलं गेलं तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, पण पिता तो पुत्र नव्हे, हा त्रैक्याचा सिद्धांतच मोडतो.

पैलतीर:
नाताळच्या लेखांत ‘देहधारणाचा दिवस’ म्हणून 25 डिसेंबर देतात, तेही सैल आहे. देहधारण मरीयेच्या उदरात गर्भधारणेच्या क्षणी होतं. त्याचा सण 25 मार्च, बरोबर नऊ महिने आधी. डिसेंबरात साजरा होतो तो जन्म. तारखेजवळ ‘जन्मोत्सव’ लिहा.