वॉर्प ९.९ म्हणजे नेमका किती वेग?

शुक्रतारा_प्रश्नार्थक:
मंडळी, 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकांमधले वेग एका शीटमध्ये मांडतोय. तिथे जहाजाच्या प्रकाशाहून जास्त वेगाचं माप म्हणजे वॉर्प. वॉर्पचा अंक घातला की प्रकाशवेगाच्या किती पट ते निघावं. सूत्र धरलंय वॉर्पचा घन.
त्यातल्या 'व्हॉयेजर' मालिकेच्या पहिल्या भागात (१९९५) भरकटलेल्या जहाजाचं घर ७०,००० प्रकाशवर्षं लांब, प्रवास ७५ वर्षांचा. म्हणजे ९३३ पट. ९.९ चा घन ९७०, म्हणजे जवळपास जुळलं. पण त्याच मालिकेच्या 'द थर्टी-सेव्हन्स' भागात जहाजाचा चालक पॅरिस सांगतो, वॉर्प ९.९ म्हणजे सेकंदाला सुमारे ४ अब्ज मैल. तो तर २१,००० पटींच्याही वर जातो, सव्वातीन वर्षांत घरी! चूक माझी की त्यांची?

घनमूळ:
दोघांची. ९७० आणि ९३३ जुळले तो निव्वळ योगायोग.
घनाचं सूत्र १९६६ च्या मूळ मालिकेचं. १९८७ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा मोजपट्टीच बदलली: वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, तिथे कोणी पोचायचं नाही. मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा यांनी बसवलेल्या या पट्टीत वॉर्प ९ पर्यंत घात ३ ऐवजी १०/३ घ्यायचा. वॉर्प ६ जुन्या पट्टीत २१६ पट, नव्यात ३९२. वॉर्प ९ ला ७२९ चे १,५१६ होतात. 'व्हॉयेजर' नव्या पट्टीवर आहे.
खरी गोम ९ च्या पुढे. तिथे सूत्र नाही, आलेख हाताने वर वळवलेला आहे. त्यांच्या तक्त्यात ९.६ ला १,९०९ आणि ९.९ ला ३,०५३. तू १०/३ घात तसाच पुढे ओढलास तर ९.९ ला २,०८४ येतील, म्हणजे तक्त्याच्या दोन-तृतीयांश. ९ च्या वरचे आकडे तक्त्यातून हातानेच भर.

शुक्रतारा_प्रश्नार्थक:
मग ३,०५३ पटीने २३ वर्षं लागतील. ७५ का म्हणतात?

घनमूळ:
कारण ९.९ ही दौडायची चाल आहे, वाटचालीची नव्हे. ९३३ चा ०.३ घात (१०/३ चा उलटा) काढ: वॉर्प ७.८ येतं. थांबत, दुरुस्त्या करत, इंधन शोधत जाणाऱ्या जहाजाला ही सरासरी शोभते. ७५ वर्षांचा आकडा लेखकांनी नीट हिशेबाने घातलेला वाटतो. ४ अब्ज मैलांचा मात्र नाही. तो त्यांच्याच तक्त्याच्या सातपट आहे.

ध्रुवमत्स्य:
सातपट म्हणजे काहीच नाही हो. मूळ मालिकेतला 'दॅट विच सर्व्हाइव्ह्ज' (१९६९) घ्या. ९९०.७ प्रकाशवर्षं, वॉर्प ८.४, वेळ साधारण ११.३ तास! घनाने वेग ५९३ पट, म्हणजे वीस महिने लागायला हवेत. संवादातून निघतो साडेसात लाख पटींच्या वर. तासांचा आकडा दशांशासकट सांगतात, तरी हजारपटीहून जास्त फरक. तेव्हा दशांश चिन्हाला भुलू नका, ते अचूकतेचं लक्षण नसून स्पॉक या काटेकोर पात्राच्या बोलण्याची लकब आहे.
उलट उदाहरण 'एंटरप्राइझ'च्या पहिल्या भागातलं (२००१). वॉर्प ४.५ ने नेपच्यूनला जाऊन परत सहा मिनिटांत. प्रकाशाला नेपच्यूनपर्यंत सव्वाचार तास धरले तर जाऊन-येऊन सुमारे ५०० मिनिटं, भागिले ६ म्हणजे ८३ पट. ४.५ चा घन ९१. चोख! आणि त्याच भागात क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या ग्रहावर चार दिवसांत पोचायचं म्हणतात. ९१ पटीने चार दिवसांत होतं जेमतेम एक प्रकाशवर्ष. आपल्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमासुद्धा ४.२४ वर आहे.
सूर्यमालेच्या आतले आकडे लेखक पडताळतात, कारण नेपच्यूनचं अंतर कोणीही बघू शकतं. बाहेर पडलं की कथेला चार दिवस हवेत म्हणून चार दिवस.

शुक्रतारा_प्रश्नार्थक:
मग शीटमध्ये ठेवू काय?

ध्रुवमत्स्य:
संवादातला वॉर्प आणि संवादातलं अंतर-वेळ यांचे रकाने वेगळे ठेव. दुसऱ्याचं सूत्र: प्रकाशवर्षं × ३६५.२५ ÷ दिवस. तास दिले असतील तर आधी २४ ने भाग, इथेच बहुतेकांचं चुकतं. मालिकेचा रकानाही हवा, म्हणजे घन की १०/३ ते त्यावरून ठरेल. 'एंटरप्राइझ' २००१ ची असली तरी कथा मूळ मालिकेच्या आधीची, म्हणून तिला घनच.

घनमूळ:
आणि एक. 'नेक्स्ट जनरेशन'च्या शेवटच्या भागात (१९९४) भविष्यकाळातलं जहाज वॉर्प १३ ने जातं. १० म्हणजे अनंत धरलेल्या पट्टीत तो अंक बसतच नाही, तिथे पुढे पट्टी पुन्हा बदलली असं मानावं लागतं. त्या ओळीत वेगाचा रकाना कोराच ठेव, नाहीतर सूत्र निमूटपणे ५,००० पटींच्या वरचा आकडा देईल आणि तो खरा वाटेल.