पॉइंट २७० बोल्ट ॲक्शन रायफल: ठेवावी की विकावी?

पॉइंट २७० विंचेस्टर, २२ इंची बॅरल, अक्रोडाचा मूळ स्टॉक (लाकडी दस्ता). वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. परवाना चालू आहे, त्यामुळे कायद्याची बाजू सोडून द्या. पैशाचीही घाई नाही.

हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) तपासला: गो गेजवर बोल्ट बंद होतो, नो-गोवर होत नाही, म्हणजे माप बरोबर आहे. १०० मीटरवर ग्रुप (निशाण्यावर लागलेल्या गोळ्यांचा झुबका) ७ सेंमीपर्यंत पसरत होता. तांब्याचा थर सॉल्व्हंटने काढला आणि स्टॉक एका बाजूने बॅरलला टेकत होता तो घासून मोकळा केला, तेव्हा ग्रुप ४ सेंमीवर आला. स्कोपचे माउंट घट्ट आहेत, गोळ्या एकाच लॉटच्या. चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेपुढचा) भाग स्वच्छ दिसतो. खोच एकच: नळीच्या तोंडापासून आत २ सेंमीपर्यंत गंजाचे बारीक खड्डे. फोमच्या केसमध्ये ओल धरते, दुसरं काय! आता तेल लावून, सिलिका जेलसह उभी ठेवली आहे.

तेवढा भाग कापून नवीन क्राउन (नळीच्या तोंडाची कड) करता येईल. ठेवायची तर ते करेनच. पण विकायची झाल्यास, कापलेली बॅरल पाहून गिऱ्हाईक जास्त बिचकतं की खड्डे असलेली मूळ बॅरल पाहून?